घरी कोण असतं विचारणारे डॉक्टर: पाचपैकी चार स्टार

आधीच सांगून टाकते, वेटिंग भयंकर आहे. अपॉइंटमेंट घेऊन गेलात तरी वेळेवर नंबर लागेल या भ्रमात राहू नका, कारण हे डॉक्टर बोलत बसतात. पेशंटशीच बोलतात म्हणा, पण बाहेर बसलेल्या माणसाचा जीव जातो. ज्यांना सर्दीची गोळी लिहून घेऊन पळायचंय त्यांनी सरळ दुसरीकडे जावं, तुमचा पण वेळ वाचेल आणि आमचा पण. बाकीच्यांसाठी लिहितेय, लांब झालंय, चालवून घ्या.

आमच्या घरातले तिघं यांच्याकडे जातो. मी (थायरॉइड), बाबा (बीपी, शुगर, पायावर सूज, म्हणजे फुल पॅकेज) आणि माझी नणंद, तिला दमा आहे. दवाखान्याचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला पुढच्या वेळी आत जाताना डॉक्टरांच्या नजरेला नजर द्यायचीय. जो तो विचारतो की फॅमिली डॉक्टर चांगला आहे हे ओळखायचं कसं, त्याला माझं उत्तर म्हणून हा रिव्ह्यू समजा.

माझं काम काय ते पण सांगते म्हणजे मी मध्येच शहाणपणा का करतेय ते कळेल. मी मेडिकल कोडिंगमध्ये आहे. डॉक्टरांनी पेशंटबद्दल जे लिहिलंय ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला, तक्रारीला त्याचा कोड लावायचा, दिवसभर हेच. यासाठी जी आयसीडी-१० नावाची यादी असते तिच्यात आजार सोडून माणसाच्या परिस्थितीचे पण कोड आहेत, झेड ५५ ते झेड ६५. शिक्षण कमी आहे, नोकरी गेलीय, राहायला घर नाही, एकटाच राहतो, घरात एक माणूस अंथरुणाला खिळलाय आणि त्याचं सगळं हीच बाई करते, सगळ्याला कोड आहे. झेड ६०.२ म्हणजे एकटं राहणं. आहे की नाही? पण माझ्यासमोर ज्या नोट्स येतात त्यात हे कोड लावायची वेळ क्वचितच येते, कारण डॉक्टरांनी तसं काही लिहिलेलंच नसतं. लिहिलेलं नाही म्हणजे बहुतेक विचारलेलंच नाही. उलट एक गोष्ट मात्र सतत लिहिलेली असते, पेशंट सांगितलेलं ऐकत नाही, औषध नीट घेत नाही.

आता याच्यात एक गंमत आहे. अमेरिकेत जी यादी वापरतात तिच्यात पैसे नसल्यामुळे मुद्दाम कमी औषध घेणाऱ्याला झेड ९१.१२० आणि दुसऱ्या कुठल्या कारणाने मुद्दाम कमी घेणाऱ्याला झेड ९१.१२८. म्हणजे शेवटच्या एका आकड्याचा फरक, आणि तो आकडा कुठला लावायचा हे डॉक्टरने "का नाही घेतलीत?" एवढं विचारलं तरच कळणार. न विचारता लिहिलं की झाला पेशंट हट्टी.

बाबांचं नेमकं हेच झालेलं. रिटायर झाल्यावर ते एका ठिकाणी गेटवर वॉचमन म्हणून लागले, सकाळी सहा ते दुपारी दोन. पायाच्या सुजेसाठी पाण्याची गोळी चालू होती, लघवी जास्त होणारी, रोज सकाळी एक. आधीच्या डॉक्टरांकडे दर वेळी तेच. सूज आहे, बीपी पण वर आहे, गोळी वाढवतो. पुढच्या वेळी परत सूज, परत गोळी वाढवली, वर मलाच झाप की वडिलांकडे लक्ष द्या जरा. बाबा खाली मान घालून बसायचे. बरं औषधाचा खर्च तर वाढतच होता, आणि मी पण घरी येऊन बाबांवर चिडायचे.

या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी फाईल बाजूला सरकवली आणि विचारलं, "काका, ड्युटी किती ते किती?" मग, "तिथं बाथरूम आहे का?" बाबा एकदम मोकळे झाले. बाथरूम आहे पण मागच्या बिल्डिंगला, आणि गेट सोडून जायचं तर दुसरा माणूस हवा, तो नसतो. म्हणून ड्युटीच्या दिवशी बाबा गोळीच घ्यायचे नाहीत. फक्त सुट्टीच्या दिवशी घ्यायचे! आठवड्यातून एकदा! आणि हे त्यांनी आम्हाला घरी पण कधी सांगितलं नव्हतं, वयस्कर माणसाला लघवीचा विषय मुलीसमोर काढायला लाज वाटते, त्यात काय नवल.

डॉक्टरांनी काय केलं तर डोस परत खाली आणला आणि वेळ बदलली. ही गोळी तासाभरात काम सुरू करते आणि सहाएक तास तिचा जोर असतो, तर सकाळीच घेतली पाहिजे असं काही नाही, दुपारी घरी आल्या आल्या घ्या, फक्त चारच्या पुढे ढकलू नका नाहीतर रात्रभर उठत बसाल. बस एवढंच. पुढच्या महिन्यात चप्पल घालता येईना म्हणून जी कुरकुर होती ती बंद. नवीन टेस्ट नाही, मोठा स्पेशालिस्ट नाही. (तुम्ही आपल्या मनाने वेळा बदलू नका हां, बाबांचं बाबांच्या डॉक्टरांनी बदललं.)

शुगरच्या गोळीचं पण तसंच. ती जेवणासोबत घ्यायची असते, बाबा पहाटे पाचला घ्यायचे आणि खायला मिळायचं दहाला, मध्ये हात थरथर, घाम, डोळ्यापुढे अंधारी. डॉक्टर म्हणाले गोळी डब्यात ठेवा, डबा उघडलात की गोळी. चिठ्ठीवर पण "सकाळी" असं न लिहिता "डब्यासोबत" लिहिलं. हे मला फार आवडलं. बाबांच्या दिवसात नऊ वाजता, अकरा वाजता असं काही नसतं, ड्युटी, डबा, घरी येणं, झोप एवढंच असतं, आणि चिठ्ठी आता तशीच लिहिलेली असते.

आता डॉक्टर लोकांची बाजू पण सांगते, कारण कामाच्या निमित्ताने मी बऱ्याच डॉक्टरांशी बोलते आणि सगळेच काही दगड नसतात. हा विषय काढला की ठरलेली उत्तरं येतात. एक, वेळ कुठाय, बाहेर लाइन लागलीय. दोन, हे आम्हाला कॉलेजात शिकवलंच नाही. तीन, पेशंटला राग येतो, "पैशाची अडचण आहे का" विचारलं तर म्हणतो तुम्हाला काय करायचंय. आणि चौथं सगळ्यात खरं, विचारून करू काय? त्याची नोकरी गेली म्हणून मी नोकरी देऊ का, घर गळतंय तर पत्रा टाकू का? आमच्या आधीच्या डॉक्टरांनी तर तोंडावर सांगितलेलं, मी डॉक्टर आहे, समाजसेवक नाही. त्यावेळी मला राग आला होता, पण चौथ्या मुद्द्यात दम आहे हे मान्य करावं लागेल. ज्याचा इलाज आपल्या हातात नाही ते विचारायला माणूस कचरतोच.

आणि नुसतं विचारून काय होतं त्याचा पण अनुभव आहे. मध्ये काही दिवस आम्ही एका मोठ्या चकाचक क्लिनिकला जात होतो. तिथं आत जायच्या आधी हातात टॅब देतात, त्यावर प्रश्न. घर, जेवण, येण्याजाण्याची सोय, लाइट-पाण्याचं बिल, घरात सुरक्षित वाटतं का. मला हे पाच विषय लगेच ओळखू आले, अमेरिकेत २०१७ पासून सरकारी विम्याच्या पेशंटसाठी एक मोठा प्रयोग चालला होता त्यात हेच पाच मुख्य होते. म्हटलं वा, इथं जग पुढे गेलंय. बाबांच्या वतीने मी सगळं भरलं, शेवटी औषधाच्या खर्चाचं पण विचारलेलं, तिथं "औषधं परवडत नाहीत" वर टिक केली. आत गेलो. डॉक्टर स्क्रीनकडे बघत होते, तीच स्क्रीन ज्यावर आमची टिक असणार, आणि त्यांनी एक नवीन महागडी गोळी लिहून दिली, ती पण वेगळ्या ब्रँडची, दुकानात गेल्यावर केमिस्टनेच विचारलं की नक्की हीच घ्यायचीय का. मग तो टॅब कशाला दिला हो हातात? असला फॉर्म नसलेला बरा, निदान माणूस आशेवर तरी राहत नाही. बाबांनी मला परत येताना विचारलं, "ते लिहिलेलं कोण वाचतं?" मी काय सांगणार.

म्हणूनच २०२५ मध्ये अमेरिकेत प्रतिबंधक तपासण्यांवर (आजार होण्याआधी करायच्या) सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने घरात जेवणाची चणचण आहे का असं दवाखान्यात सरसकट विचारण्याबद्दल पुरावा अपुरा आहे असं म्हटलं तेव्हा मला आश्चर्य नाही वाटलं. विचारणं वाईट आहे असं ते म्हणत नाहीत, विचारल्याने तब्येत सुधारते हे अजून दाखवता आलेलं नाही एवढंच. टॅबवाल्या क्लिनिकमध्ये कसं दाखवता येणार?

तर आमच्या डॉक्टरांकडे फॉर्म नाही. दोन-तीन प्रश्न आहेत आणि ते बोलता बोलता येतात. घरी कोण कोण असतं. औषधं कोण आणतं, कोण देतं. आणि महिनाअखेरीला औषध संपलं तर लगेच आणता का पगाराची वाट बघता? हा तिसरा प्रश्न अगदी हुशार आहे, कारण "परवडतं का" म्हटलं की कोणीही "हो हो" म्हणतो, अब्रूचा प्रश्न असतो. कॅनडातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी गरिबीवर एक छोटं मार्गदर्शक आहे, त्यात पण साधारण हाच एक प्रश्न विचारायला सांगितलाय, महिन्याच्या शेवटी भागवताना ओढाताण होते का. आमच्या डॉक्टरांनी ते वाचलंय का आपलं आपणच सुचलं माहीत नाही. पण उत्तर आलं की लगेच त्यांचा पेन हलतो हे महत्त्वाचं. तीन गोळ्यांच्या दोन करतात, महागडा ब्रँड काढून साधा लिहितात, "ही टेस्ट आत्ता नको, पुढच्या महिन्यात करू, घाई नाहीये" म्हणतात, किंवा उलट "बाकी काही पण थांबवा, ही एक गोळी थांबवायची नाही" असं ठणकावून सांगतात. हे शेवटचं तर प्रत्येक डॉक्टरने सांगायला हवं, कारण पैसे कमी पडले की माणूस स्वतःच ठरवतो कुठलं औषध गाळायचं, आणि बहुतेक वेळा ज्याने लगेच काही त्रास होत नाही तेच गाळतो, म्हणजे बीपीचं.

नणंदेची केस जरा वेगळी. दमा वर्षभर, पंप दोन-दोन. डॉक्टरांनी पंप कसा ओढते ते समोर करून बघितलं (हे पण आधी कोणी बघितलं नव्हतं, ती चुकीचा ओढत होती) आणि मग विचारलं, झोपतेस त्या खोलीत ओल आहे का. भाड्याचं घर, पलंगाच्या डोक्याशीच भिंत काळी पडलेली. डॉक्टरांनी लेटरहेडवर घरमालकाला चिठ्ठी लिहून दिली की पेशंटला दमा आहे, बुरशीने वाढतो, भिंत दुरुस्त करावी. मालकाने काय केलं, वरून रंग मारला. एका पावसात परत काळी. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीने घर सुधारलं वगैरे असं काही झालं नाही, ते सांगायलाच हवं. पलंग दुसऱ्या भिंतीला लावला, पंप नीट ओढायला लागली, रात्रीचा खोकला कमी झाला, पूर्ण गेला नाही. घर बदलणं त्यांना सध्या शक्य नाही. डॉक्टर दर वेळी भिंतीची चौकशी करतात, तिला आता त्याचा कंटाळा आलाय.

अजून एक पद्धत आहे यांची. प्रत्येक पेशंटला दोन मिनिटं एकटं भेटतात. सोबत नवरा असो, मुलगा असो, सून असो, "तुम्ही जरा बाहेर बसा." आमच्या नणंदेच्या मिस्टरांना पहिल्यांदा झोंबलं होतं, आमच्या घरात काय लपवाछपवी चालते का म्हणून. पण ते सगळ्यांनाच बाहेर काढतात, मला बाबांच्या वेळी पण काढलं, त्यामुळे कोणावर संशय घेतला असं वाटत नाही. आणि विचार करा, जिला घरात मार बसतोय ती मारणाऱ्याच्या समोर काय सांगणार, जिन्यावरून पडले. बाबांनी त्या दोन मिनिटांत काय सांगितलं मला अजून माहीत नाही. डॉक्टरांना एकदा विचारून बघितलं, ते हसले आणि बीपीचं बोलायला लागले. बरोबर आहे त्यांचं. अशा गोष्टी फाईलमध्ये लिहायच्या आधी पण विचारतात, लिहू का नको. कोडिंगवाली म्हणून माझं मन म्हणतं लिहा, पेशंट म्हणून मी एकदा नको म्हणाले.

आता एक स्टार का कापला.

रिसेप्शन. आत एवढं जपून विचारतात आणि बाहेर त्या काउंटरवरच्या ताई पूर्ण वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात "तुमचं मागचं बाकी आहे ना, डॉक्टरांनी सवलत सांगितलीय का?" म्हणून ओरडतात. समोर बसलेले सगळे मान वळवून बघतात. माझ्यासमोर एक म्हातारे आजोबा उठून निघून गेले होते. डॉक्टरांना हे कोणीतरी सांगा, मी सांगितलंय, फरक शून्य.

दुसरं, त्यांच्या टेबलावर एक छापील यादी असते, मदत कुठे मिळते त्याची. संस्था, हेल्पलाइन, औषधं स्वस्तात देणारे वगैरे. कल्पना छान. पण एका मैत्रिणीच्या सासूबाईंसाठी त्यातला नंबर लावला तर बंद, दुसरा लावला तर म्हणे आता आम्ही ते काम करत नाही. यादी कधी छापलीय देव जाणे. इंग्लंडमध्ये २०१९ पासून सरकारी आरोग्यसेवेने याच कामासाठी दवाखान्यांना जोडून वेगळी माणसं नेमायला घेतली, डॉक्टर नुसतं त्यांच्याकडे पाठवतो आणि पुढचे फोन, फॉर्म, कार्यालयाच्या फेऱ्या पेशंटसोबत ती माणसं करतात. एकट्या डॉक्टरकडून हे होणार नाही हे मला पण कळतं. मग यादी ठेवू नका, किंवा कंपाउंडरला महिन्यातून एकदा बसवून फोन लावायला सांगा.

आणि तिसरं जरा माझं वैयक्तिक. हे डॉक्टर आधी विचारायचे ते ज्याची परिस्थिती दिसते त्यालाच. मी ऑफिसचं आयकार्ड गळ्यात घालून जायचे, मला कधीच विचारलं नाही. त्याच काळात कंपनीने पगार लटकवलेला, मी थायरॉइडची गोळी एक दिवसाआड घेत होते, रिपोर्ट वर गेला आणि डॉक्टर डोस वाढवायला निघाले. म्हणजे बाबांच्या वेळी जे आधीच्या डॉक्टरने केलं तेच हे माझ्यासोबत करत होते, फक्त गोड बोलून. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला, सॉरी म्हणाले, डोस तोच ठेवला आणि रोज घेऊन सहा आठवड्यांनी परत रक्त तपासायला सांगितलं. नॉर्मल आलं. तेव्हापासून बघतेय, कारमधून उतरणाऱ्याला पण महिनाअखेरीचा प्रश्न विचारतात. एकाने फार वाईट तोंड केलं होतं, पण उत्तर मात्र बराच वेळ देत होता, आमचा नंबर त्यामुळे आणखी लांबला.

एक जुनी गोष्ट आठवली ती पण टाकते. वेल्समध्ये खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट म्हणून एक फॅमिली डॉक्टर होते, त्यांनी १९७१ मध्ये लिहून ठेवलंय की चांगल्या उपचारांची ज्यांना जास्त गरज, त्यांनाच ते कमी मिळतात. पन्नास वर्षं उलटून गेली. मोठ्या चकाचक क्लिनिकमध्ये टॅब आहे, एसी आहे, आणि जिथं खरोखर महिनाअखेरीचे पेशंट येतात तिथं एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि एक ओरडणाऱ्या ताई. त्यामुळे वेटिंगबद्दल मी जास्त शिव्या देत नाही.

कोणी जावं: वर्षानुवर्षं चालणारे आजार असतील, घरात वयस्कर माणूस असेल, औषधं वाढतायत पण फरक पडत नसेल, तर नक्की. कोणी जाऊ नये: ज्यांना खाजगी प्रश्नांची ॲलर्जी आहे किंवा ज्यांना दर वेळी इंजेक्शन लागतं, ते इथं मिळत नाही. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, नुसती फाईल नको, ते पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजतात आणि तिथून बोलणं सुरू करतात. सोमवार टाळा. शेवटच्या तासाला गेलात तर निवांत बोलतात पण मग घरी जायला उशीर होतो, पार्किंग पण नाही.